चेंडूजवळ उभं राहिल्यावर

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजिबात कळत नाही, कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण मिलिंदबद्दल तोंडानं कोणाशी बोलवत नाही, म्हणून लिहितेय.

माझा धाकटा भाऊ जाणार ही बातमी त्यानं स्वतःच मला दिली. पोहे खाता खाता म्हणाला, "ताई, डॉक्टरांशी बोलणं झालं. पुढचा शुक्रवार." दुखणं बरं होणार नसेल आणि सोसवत नसेल, तर नेदरलँड्समध्ये माणसाच्या मागणीवरून डॉक्टर शांत मरण देतात, हे त्यानं मला आल्या आल्याच समजावलं होतं. पोटातला कॅन्सर हाडांत गेला होता. मी म्हटलं, "पोह्यांत मीठ कमी पडलं का रे?"

मी आल्मेरेला, त्याच्या तिथल्या गावी, आले तीच त्याच्या आजारपणात. त्यानं लग्न केलं नव्हतं. ऑफिस आणि गोल्फ, एवढाच संसार. लांबून मारायची ताकद गेली तेव्हा तो नुसता ग्रीनवर जाऊ लागला. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत. तिथला उतार तो किती वेळ बघायचा! आधी चेंडूमागून, मग भोकाच्या पलीकडून, मग हळूहळू चालत, तळपायांनी. मला सगळं सारवलेल्या अंगणासारखं सपाट दिसायचं.

"हा देशच सपाट, ताई. डोळे फसतात. पाय काय सांगतात?"

"डावा जड वाटतोय."

"मग पाणी ओतलं तर कुठे जाईल?"

"तळ्याकडे."

"चला, फुकटची कॅडी मिळाली!" कॅडी म्हणजे खेळणाऱ्याच्या काठ्या वाहणारा आणि त्याला वाट सुचवणारा. हसलं की त्याला कळ यायची, तरी हसायचा.

शंका घ्यायची ती चेंडूपासून लांब असताना, असं तो म्हणायचा. वाट ठरवून चेंडूजवळ उभं राहिलं की मन बदलायचं नाही.

शेवटचं गेलो तेव्हा बोचरा वारा होता. तो मारायला उभा राहिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मिलू, नको ना रे. अजून थोडं थांब." खेळणारा उभा असताना बोलायचं नसतं, हे मला माहीत होतं. तो रागावला नाही. मागे सरला, काठीवर टेकून श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं बघू लागला. भोकापलीकडे वाकताना त्याचा चेहरा पांढरा पडला... परत येऊन म्हणाला, "बघितलं पुन्हा. वाट तीच आहे, ताई."

चेंडू भोकाच्या काठावरून निसटला.

"चुकला ना?" मी आशेनं विचारलं.

"चुकू दे की. वाट चुकली नव्हती."

शुक्रवारी डॉक्टरीणबाई आल्या. अजूनही हेच हवंय ना, असं त्यांनी त्याला पुन्हा विचारलं. तसं विचारावंच लागतं. तो 'नाही' म्हणेल असं मला तेव्हाही वाटत होतं. तो 'हो' म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी 'थांब' म्हटलं असतं तर तो थांबला असता, तेवढ्या दुखण्यात सगळं पुन्हा पहिल्यापासून बघत बसला असता. मी त्याचा हात धरला. बोलले नाही.

त्याच्या खोलीत सरावाची हिरवी पट्टी अजून अंथरलेली आहे, पलंगापासून खिडकीपर्यंत. दुसऱ्याचा चेंडू जिथून जायचा, तिथे पाय द्यायचा नसतो म्हणे. सकाळी खिडकी उघडायला मी भिंतीला चिकटून, कडेकडेनं जाते.