साडूभाऊंचे पाय आणि शेवटचं निशाण

आमच्या साडूभाऊंएवढा नकाशा कळणारा माणूस अमरावती-अकोल्याच्या दरम्यान झाला नाही, आणि त्यांच्या पायांएवढे नाठाळ पायही झाले नाहीत. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात धावायचं, झाडाझुडपांत टांगलेली निशाणं क्रमानं शोधायची, प्रत्येकापाशी लटकवलेल्या चिमट्यानं कार्डाला भोक पाडायचं आणि वेळेत परतायचं, असल्या शर्यतींचं वेड त्यांना पेन्शनीत लागलं. डोकं वाऱ्यासारखं पुढे पळे; पाय मात्र अचलपूरच्या छोट्या गाडीनं मागून येत. टाचांच्या भेगांत हरभरा पेरला असता तर उगवला असता. बुटात ते कापूस भरत, तोही अमरावतीचाच. "अकोल्याच्या कापसानं टाच तापते," हे त्यांचं शास्त्र. आमच्या दोघांच्याही बायका अकोल्याच्या, म्हणून ते घरात हळू आवाजात सांगितलं जाई. पायांना ते बैलजोडीसारखे हाकत. भर शर्यतीत थांबून म्हणत, "डावा आज जुवाले खांदाच देऊन नाही राहिला, बाप्पा!" मग डाव्याला चुचकारून पुढचं पाऊल.

अशानं एकही शर्यत वेळेत संपली नव्हती. शेवटी मूर्तिजापूरकडच्या शर्यतीआधी भरवणाऱ्या पोरांनी बजावलं, "काका, यंदा वेळेत आले तरच पुढच्या साली नाव घेऊ." साडूभाऊ इरेला पेटले. म्हाताऱ्यांना जोडीनं धावायची मुभा होती, म्हणून तेलाची बाटली घेऊन मी मागे. आणि काय सांगू, त्या दिवशी पाय चक्क ऐकत होते! शेवटचं निशाण पऱ्हाटीच्या वावरापलीकडे बाभळीवर दिसत होतं, वेळ हाताशी होता, आणि बांधावर एक म्हातारी आडवी आली. मागे दोन-चार शेजारी, एकाच्या हातात पाण्याचा गडवा.

ती वर्षं कपाशीची बोंडं अळीनं पोखरण्याची होती. गावोगाव लोक नुकसानीच्या पाहणीला येणाऱ्या साहेबाची वाट पाहत. डोक्यावर टोपी, हातात नकाशा, आणि पाय ओढत वावरातून येणारा माणूस दुसरा कोण असणार?

"या जी सायेब. लय दिवस लावले."

"मी सायेब नाही माय. मी धावून राहिलो."

"काहून? कोन मांगं लागलं?"

साडूभाऊंनी सगळी शर्यत समजावून सांगितली. गडवेवाला विचारात पडला. म्हणाला, "मंग ज्यानं फडकं बांधलं त्यालेच इचारा ना, कुठी बांधलं म्हून!"

सगळे हसले. म्हातारी नाही हसली. "सायेब नसान तं नसान. पन पाहाता तं येते ना तुमाले? कोनी पाहालेच नाही आलं."

मी घड्याळ पुढे केलं. साडूभाऊंनी एकदा बाभळीकडे पाहिलं, नकाशा खिशात घातला आणि बूट काढून हातात घेतले. दुसऱ्याच्या पिकात पायताण घालून जायचं नाही, ही त्यांची रीत. ज्या पायांना घरातली फरशी टोचायची, ते ढेकळांतून पिकाची ओळीमागून ओळ चालले. म्हातारी बोंड फोडून पुढे करी, साडूभाऊ चष्मा वर करून, नकाशा वाचावा तसं निरखत आणि म्हणत, "हाव माय, पाहिलं."

आम्ही पोचलो तेव्हा पोरं कनात गुंडाळत होती. कार्डावर भोकं सगळी होती.

परतीच्या एसटीत त्यांच्या टाचांना तेल चोळता चोळता मी म्हटलं, "भाऊ, हात जोडून पुढं निघालो असतो तर जमलं होतं."

त्यांनी दुसरा पाय पुढे केला. बडनेरा मागे पडल्यावर म्हणाले, "एक तरी बोंड चांगलं निघन, असं वाटून राहिलं होतं मले."