पुसलेली मामी

माझा मामा फोटोतून माणसं पुसतो. अक्षरशः. स्टुडिओतून कामं येतात, याला काढा, तिला काढा. घटस्फोट झालेला जावई, भांडून वेगळा झालेला भाऊ, लग्न मोडलेली सून. दोन-तीन तासांत मामा त्या माणसाच्या जागी भिंत आणतो, पडदा आणतो, झाड आणतो, आणि शेजारच्याचा अर्धा झाकलेला खांदा स्वतःच्या हाताने पूर्ण करतो. स्टुडिओत त्याला सगळे खोडरबर म्हणतात. तोही फोन उचलला की म्हणतो, "बोला, खोडरबर बोलतोय. कोण नकोसं झालंय?"

मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. मला कळायला लागल्यापासून तो आमच्याकडेच, मागच्या खोलीत राहतो. त्याने लग्नच केलं नाही असं मी अठरा वर्षं समजत होते. विचारलं की म्हणायचा, "मला कोण मुलगी देणार? रुसली की पुसून टाकीन." मी हसायचे. आई नाही हसायची, पण आई तशी कशालाच पटकन हसत नाही, त्यामुळे माझ्या कधी लक्षात आलं नाही.

मामाचा एक नियम आहे. पुसून झालं की त्याच फाईलवर सेव्ह करायचं, दुसरी कॉपी ठेवायची नाही. पूर्वी एकदा एका गिऱ्हाइकाने सहा महिन्यांनी रडत येऊन आपली बायको परत मागितली, मामाने जुनी कॉपी काढून दिली, आणि मग त्याच्या आईने स्टुडिओत येऊन जो तमाशा केला त्यानंतर हा नियम झाला. "कॉपी ठेवली तर ते पुसणं नाही बाळा, ते लपवणं झालं." सुट्टीत मी त्याची छोटी कामं करते, तेव्हा मलाही हेच शिकवलं. काम झालं, सेव्ह, बंद. माझ्या बोटांनाच सवय लागलीय.

तर मॉनिटर. मामाचा मॉनिटर बारा वर्षांचा होता. एका कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा पिवळा, आणि फोटोतला गडद भाग म्हणजे नुसतं डांबर. मागच्या महिन्यात स्टुडिओचे मालक एक भलीमोठी फ्रेम काखेत मारून स्वतः घरी आले. मामाने त्यातून एक नवरा काढला होता. नवरी एकटी उभी, मागे काळा पडदा.

"हे काय आहे?" मालकांनी बोट ठेवलं.

नवरीच्या खांद्यावर, पडद्याच्या काळ्यात, चार बोटं होती. बारीकशी. बघितली नाहीत तर नव्हती, आणि एकदा बघितली की दुसरं काही दिसतच नव्हतं.

मामाने फाईल उघडली, चष्मा लावला, काढला, परत लावला. "माझ्याकडे नाहीयेत बोटं."

"तुमच्याकडे नसतील हो. त्या बाईच्या भिंतीवर आहेत. जेवताना समोर दिसतात म्हणते. घास उतरत नाही तिच्या घशाखाली."

मालक गेल्यावर मामाने ती फ्रेम खिडकीपाशी नेऊन बोटं परत परत बघितली. मी मात्र, खरं सांगते, आनंदाने उडी मारली. नवीन मॉनिटर! मी लगेच मोबाईलवर यादीच काढली. मला फार भारी गेम खेळायच्या नसतात, कॉलेजवरून आल्यावर तासभर गाडी पळवायची, चार माणसं पाडायची, बस. दिवसा मामाचं काम, संध्याकाळी माझी गाडी. आई म्हणाली, "घ्या घ्या. एकाने माणसं पुसा, एकीने मारा."

शनिवारी दुपारी आम्ही दुकानात गेलो. एका लांबच लांब भिंतीवर तीसेक मॉनिटर आणि सगळ्यांवर एकच पोपट पंख पसरतोय. सेल्समनने मला बघून लगेच वाकड्या, बाक आलेल्या मॉनिटरकडे नेलं. "मॅडम, याच्यात काळा म्हणजे कसला काळा आहे बघा."

मामा म्हणाला, "पोपट काढा. पोपट सगळीकडेच चांगला दिसतो." आणि खिशातून पेनड्राइव्ह काढला.

त्याच्यात एकच फोटो होता. आमच्या हॉलमध्ये लावलेला. माझा पहिला वाढदिवस. आई, बाबा, आईच्या मांडीवर मी, बाजूला मामा, खुर्चीत आजोबा, मागे काचेच्या दारांचं कपाट. कुठलीही स्क्रीन तपासायची तर मामा हाच फोटो लावतो, कारण तो त्याला तोंडपाठ आहे.

वाकड्या मॉनिटरवर आईची साडी किंचाळत होती आणि कपाट विहिरीसारखं काळं. "नको," मामा म्हणाला. "हा अंधार गिळतो." दुसरा स्वस्तातला होता, त्याच्यावर सगळ्यांच्या तोंडाला पावडर फासल्यासारखी. तिसरा सत्तावीस इंची, फोर-के, आणि एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ, म्हणजे माझी गाडी पण लोण्यासारखी पळणार. मी मनात देवाला म्हणत होते, हाच हाच हाच.

फोटो उघडला. बापरे. आजोबांच्या दाढीचे खुंट मोजता येत होते. मी म्हटलं, "मामा, बघ ना, माझी लाळ दिसतेय!"

 तो कपाटाकडे बघत होता. कपाटाचं एक दार अर्धवट उघडं राहिलं होतं, आणि त्या तिरक्या काचेत आमच्या सगळ्यांच्या पाठी पडल्या होत्या. आमच्या घरच्या फ्रेममध्ये आणि जुन्या मॉनिटरवर तिथे नुसतं काळं होतं. इथे त्या काळ्यात अजून चार-पाच तऱ्हेचं काळं दिसत होतं. मी सहज मोजलं. आजोबांचं टक्कल. मामाची मान. आई. बाबा. आणि मामा आणि आजोबांच्या मध्ये एक अंबाडा.

मामाच्या आणि आजोबांच्या मध्ये तर कोणीच नाही. तिथे नुसती भिंत आहे.

"मामा, ही कोण?"

सेल्समन पण वाकला. "हो की. पाच जण आहेत मागून. पुढून बाळ सोडून चारच." मग स्वतःच हसला, पण हसू मध्येच थांबलं, आणि तो उगाच दुसऱ्या मॉनिटरची वायर नीट करायला लागला.

मामाने स्क्रीनला बोट लावलं. मामा! जो मला स्क्रीनच्या वीतभर जवळ हात नेऊ देत नाही. त्या अंबाड्याखाली एक कान होता, कानात मोती, आणि गालाची जराशी कड.

"हाच द्या," तो म्हणाला.

बसमध्ये खोका मांडीवर घेऊन त्याने सांगितलं. मामी होती. दोन वर्षं. एके दिवशी भरदुपारी घराला कुलूप लावून, किल्ली शेजारी देऊन गेली, ती परत आलीच नाही. मामाने आठवडाभर रात्रंदिवस बसून घरातल्या झाडून सगळ्या फोटोंतून तिला काढलं. निगेटिव्ह जाळल्या. "फार सफाईने केलं गं. तेव्हा हात असा चालायचा माझा." तीन वर्षांनी कळलं की ती दुसऱ्या गावी तापाने गेली. मग मामाने फोटो शोधला. एकही नव्हता.

"तिच्या माहेरी?"

"मीच गेलो होतो ना आधी, रागात. सगळे फोटो आणले त्यांच्याकडून, नीट करून देतो म्हणून."

मला रडू फुटलं, बसमध्येच. मामा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "चाल आठवते तिची. आवाज आठवतो. तोंड येतच नाही डोळ्यांसमोर. तिथे भिंत येते. मीच काढलेली. एकदा तोंड बघायचंय बाळा. एकदाच."

नवा मॉनिटर लागला आणि मामाचं बाकी काम बंद पडलं. दिवसभर तो त्या काचेत. एकेक ठिपका उजळायचा, थांबायचा, मागे सरकून बघायचा. चौथ्या दिवशी केसांच्या बटा सुट्या झाल्या, मोत्याभोवतीची तार दिसायला लागली. पण ती पाठमोरी होती ना. कितीही उजळ केली तरी पाठमोरीच. आई दारात येऊन म्हणाली, "दादा, पुरे आता. कशाला उकरतोस?" मामा म्हणाला, "चिमणे, जरा अजून वळली असती ना, एवढीशी, तर दिसली असती." आई पटकन आत गेली.

आणि मला ते बघवेना. मी तशीच आहे, डोक्यात आलं की करून मोकळी. सोमवारी मामा स्टुडिओत गेला होता. माझ्याकडे नवीन सॉफ्टवेअर होतं, त्याच्यात चेहरा स्पष्ट करायचं बटण आहे, अंधुक चेहरा दिला की नीट करून देतं. मामा असली बटणं वापरत नाही, त्याला ती चिटिंग वाटते. मी पेनड्राइव्ह लावला, ती काच निवडली, बटण दाबलं. म्हटलं कानाच्या पुढचं अजून थोडं दिसलं तरी खूप.

पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली, आणि ती वळली.

काय सांगू. ज्या काचेत अंबाडा होता तिथे एक बाई सरळ माझ्याकडे बघत होती. पूर्ण चेहरा. नाक, ओठ, डोळे. बाकी सगळे पाठमोरे आणि ती एकटी तोंड करून. मी दचकले, आणि बोटांनी, सवयीने, सेव्ह केलं. त्याच फाईलवर. आणि बंद केलं.

मग कळलं. मशीनला काय माहीत मामी? त्याने समोर जे चेहरे होते ते घेऊन एक नवीन बनवला. परत उघडून बघितलं तर ओठ सरळसरळ आईचे होते. आणि डोळे माझे. एक वर्षाच्या मुलीचे मोठ्ठे, न मिटणारे डोळे, एका मोठ्या बाईच्या तोंडावर. मागे जायचं बटण मरेस्तोवर दाबलं. काही होईना. खरा कान, खरा मोती, गालाची खरी कड, जे काय उरलं होतं ते सगळं मी पुसलं होतं.

मामा आला तेव्हा मी अजून खुर्चीत रडतच होते. त्याने स्क्रीनकडे बघितलं आणि चप्पल पायात तशीच ठेवून खाली जमिनीवर बसला.

"मामा, ही ती नाहीये. मी बटण दाबलं. हे मशीनने बनवलंय, ऐक ना, खोटं आहे हे."

"ओळखीची वाटते," मामा म्हणाला.

"कारण ते आईचे ओठ आहेत! डोळे माझे आहेत मामा!"

"नाही गं. हिला पाहिलंय मी." आणि आतल्या दिशेला ओरडला, "चिमणे! ये लवकर!"

आई पिठाच्या हाताने आली. मी तिच्याकडे बघत होते, सांग म्हणून, आजोबा नाहीत, बाबा नाहीत, तूच एक उरलीस तिला बघितलेली, सांग की ही नाही. आईने त्या बाईकडे बघितलं. मग खाली बसलेल्या भावाकडे बघितलं.

"हो दादा," ती म्हणाली. "हीच."

मामा लहान मुलासारखा रडला. मी त्याला आयुष्यात रडताना बघितलं नव्हतं.

त्याला आता तीन आठवडे झाले. मामा कामाला लागलाय, स्टुडिओची कामं पण करतो, आणि हात असा चालतोय की मालक खूश. पण रोज दुपारी तासभर तो मामीवर बसतो. तिला काचेतून काढून त्या भिंतीच्या जागी उभी केलीय, स्वतःच्या आणि आजोबांच्या मध्ये. आईला विचारून विचारून दुरुस्त करतो. भुवई जाड होती का? उजवा डोळा जरा बारीक होता ना? आई सांगते. ओठ आता आईसारखे राहिले नाहीत. डोळेही माझे राहिले नाहीत. ते आता कोणाचेच नाहीत, आणि रोज थोडे जास्त जिवंत होतात. मी त्या मॉनिटरवर गेम खेळायला एकदाच बसले. गाडी खरंच लोण्यासारखी पळाली. पण मला सारखं वाटत होतं की मी कोणाच्या तरी जागेवर बसलेय, आणि ते माणूस माझं खेळून होईपर्यंत उभं राहून वाट बघतंय. परत नाही बसले.

काल आई भांडी घासत होती तेव्हा मी तिला धरलंच. "आई, खरं सांग. मामी तशीच दिसायची?"

आईने नळ बंद केला. "मला काय माहीत."

"म्हणजे? तू तर रोज..."

"काय सांगू मग त्याला? तिथे जमिनीवर बसला होता तो." ती हळू बोलत होती, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "आधी जराशी तरी आठवायची मला. पुसट. हसली की एक दात दिसायचा, असं काहीतरी. आता डोळे मिटले की हीच येते. दात आठवायला गेले तर ही तोंडच उघडत नाही."

मी काही बोलणार तेवढ्यात मागच्या खोलीतून मामाचा आवाज आला, अगदी खुशीतला. "चिमणे! अगं तिच्या हनुवटीवर तीळ होता ना?"

आईने माझ्याकडे बघितलं. मग पदराला हात पुसले.

"होता रे दादा," ती म्हणाली. "डाव्या बाजूला. थांब, दाखवते." आणि आत गेली.