कानबाईसाठी शिवलेले केस

टायफॉईड गेला तो माझे केस घेऊनच गेला. भांगातून टाळू दिसायची. दीपनगरच्या कॉलनीत क्लिपा लावून, ओढणी गुंडाळून भागत होतं. पण श्रावणात पिंपळनेरकडच्या आमच्या गावी घरची देवी, कानबाई, बसायची होती, तिथं काय झाकणार? आमच्या भाऊबंदकीचा रिवाज असा, की विसर्जनाला देवीचा पाट थोरल्या सुनेनं डोक्यावर घ्यायचा. त्या सकाळी तिनं डोक्यावरून न्हायचं आणि केस मोकळे सोडायचे. थोरली सून मी. बारा वर्षं तो मान माझाच. माझं डोकं पाहून कुणी म्हटलं असतं, 'हिच्यात काय राहिलंय, पाट धाकटीला द्या,' तर?

धाकटी म्हणजे माझी जाऊ. गावात राहणारी, चार म्हशी सांभाळणारी, दातांना मिसरी लावणारी आणि वर कमरेपर्यंत काळीभोर वेणी मिरवणारी. मला ती कधी आवडली नाही आणि मी ते लपवलंही नाही. तिच्या हातच्या चहालासुद्धा मला गोठ्याचा वास यायचा. असल्या बाईच्या डोक्यावर माझा पाट? हट्!

म्हणून ऑनलाइन केसांच्या पट्ट्या मागवल्या. व्हिडिओतली ती ओठ रंगवलेली पोरगी म्हणे, 'फक्त दोन तासांत, घरच्या घरी!' तिचं काय जातंय! आपल्या केसांच्या, टाळूला चिकटून, बारीक वेण्या घालायच्या आणि वाकड्या सुईनं त्यांवर पट्ट्या शिवत जायचं. शनिवारी सकाळी मी दोन आरसे समोरासमोर मांडून बसले, ती चार वाजता उठले. हात भरून आले होते. त्यात पाकिटातला दोरा दोन पट्ट्यांतच संपला. मग मी मोठी शहाणी, गोधडीचा सुती दोरा काढला आणि टाकेही गोधडीचेच घातले, गच्च, गाठीवर गाठ. नवरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, 'छान दिसतंय.' ह्या माणसाला मी डोक्यावर भोपळा बांधला असता तरी छानच दिसला असता.

सोमवारी गावी डोक्यावरून न्हाले. सुती दोरा ओला झाला आणि असा आवळला की माझ्या भुवया वर चढल्या. वरून त्या गाठींवर पाट आला, पाटावर नारळाची देवी, तिचे दागिने, फुलं. बायका गाणी म्हणत निघाल्या. माझे मोकळे केस पाहून दोघीतिघींनी एकमेकींना कोपर मारलं, तेवढ्यापुरती मी खूश. मारुतीच्या पारापाशी पोहोचेपर्यंत डोळ्यांपुढे काळोखी आली. पाट कलला. बायका किंचाळल्या.

खालून दोन हात आले. जावेचे. 'द्या अक्का,' एवढंच म्हणाली, पाट स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि चालू लागली. मिळालं ना बाई तुला हवं ते, मी मनात म्हटलं. संतापानं माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

शेजारून चुलतसासू चालत होती. ती म्हणाली, "रडस काय? आम्ही चैत्रमाच तिले सांगेल व्हतं, थोरली आजारी शे, तिना केस गयात, औंदा तू पाट ले. ती म्हने, अक्का शे ना, मी हात नही लावस."

म्हणजे चैत्रापासून सगळ्यांना ठाऊक होतं. आजारपणात जाऊ मला बघायला दीपनगरला आली होती, तेव्हा माझी ओढणी घसरली असणार. आणि चालून आलेला मान तिनं माझ्यासाठी परत केला होता. मला माझीच किळस आली.

नदीवरून परतल्यावर तिनं मला मागच्या खोलीत नेलं, दाराला कडी लावली आणि ब्लेडनं एकेक टाका उसवायला बसली. पट्ट्यांबरोबर माझेही केस तिच्या मांडीवर पडत होते.

'अक्का, दुखस का?' तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं. पण रडू आवाजात आलंच, तेव्हा तिचा हात थांबला. मग ती आणखी हळू उसवू लागली.