मालकाला विचारायचं नसतं

तासिका तत्त्वावर मराठी शिकवायला मी नेरला आले, तेव्हा यज्ञेश्वरकाकांच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मागच्या तीन खोल्यांत ते एकटे राहत. रत्नप्रभाकाकूंना जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी अनघा नागपूरला बँकेत. तिचा रविवारी फोन येई. पाणी कधी येतं, कचऱ्याची गाडी कधी येते, हे सगळं सांगून झाल्यावर काका दारात जरा थांबले आणि म्हणाले, "थोडाफार आवाज करत जा. चालेल मला."

काका सरकारी कापूस खरेदी केंद्रावर मालाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते. हंगामात गाड्या रांगेत लागत. काका गाडीवर चढत, खांद्यापर्यंत हात आत घालून तळाचा कापूस ओढून काढत. पुंजका दोन चिमटींत धरून धागा ताणत, तुटताना त्याचा आवाज ऐकत, आणि शेवटी उरलेला कापूस तळहातावर घेऊन हात जरासा वरखाली करत. वजन वाढावं म्हणून कोणी पाणी मारलेलं असलं तर ते इथं कळे. हाताला जड लागला की गाडी वापस. या सगळ्याला त्यांना अर्धा मिनिट लागे आणि तेवढ्या वेळात ते गाडीवाल्याशी एक शब्द बोलत नसत. त्यांच्या आधीच्या ग्रेडरने पहिल्याच दिवशी त्यांना शिकवलं होतं, की मालकाला विचारायचं नसतं, मालाला विचारायचं. मालक काहीतरी सांगणारच, आणि ते कानावर पडलं की हात बिघडतो.

एकतीस वर्षं ते असे न बोलता उभे राहिले. निवृत्तीनंतर बोलायला बसले तेव्हा समोर फारसं कोणी उरलं नव्हतं.

बोंडअळीच्या वर्षातली गोष्ट. श्रावणात एका कृषी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांचा त्यांना फोन आला. आता ओल मोजायला यंत्रं आहेत, पण यंत्राआधी माणूस कापूस कसा ओळखत होता ते मुलांना कळावं, अशी एक पुस्तिका काढायची आहे. तुम्ही लिहाल का? मात्र टाइप करून पाठवा, आणि दिवाळीच्या आत.

काका संध्याकाळी माझ्या दारात आले. "मला दुसरं काही येत नाही, उर्वशी," ते म्हणाले. "जे येतं ते या बोटांत आहे. ते कागदावर उतरलं तर राहील. नाहीतर माझ्याबरोबर जाईल. अनघाला काय करायचंय त्याचं." ते नेहमीच्या सुरात बोलले, पण बोलताना अंगठा तर्जनीवर घासत होते, जणू तिथं धागा होता.

नवा लॅपटॉप त्यांच्या निवृत्तिवेतनात बसत नव्हता. कोणीतरी सांगितलं, यवतमाळला बस स्टँडच्या मागे धम्मरत्न नावाचा एक जण कंपन्यांनी टाकलेले जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकतो. काका एकटेच गेले आणि दुपारच्या बसने परत आले. धोतराच्या जुन्या पानात गुंडाळलेला काळा लॅपटॉप त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"एकाच जातीचे तीन होते," ते म्हणाले. "तिन्ही हातावर घेऊन पाहिले. हा सगळ्यांत हलका. तो दुकानदार काहीतरी सांगत होता मधेच, मी थांबवलं त्याला."

त्या दिवशी ते खूश होते. मला चहा करून दिला, त्यात साखर घालायला विसरले.

मी त्यांना मराठी अक्षरं कशी येतात ते दाखवलं. ते एका बोटाने लिहू लागले. लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ लागे, की बटण दाबून ते तुळशीला पाणी घालून येत. त्या दिवसांत नेरला सकाळी नऊ ते बारा आणि संध्याकाळी पुन्हा लाइट जाई, आणि अधूनमधून न सांगताही. लाइट गेली की लॅपटॉप बंद पडे. पहिल्यांदा त्यांच्या पस्तीस ओळी गेल्या. धागा कसा ताणावा, याच्या त्या ओळी होत्या. त्यांनी त्या पुन्हा लिहिल्या, पण म्हणाले, पहिल्यांदा जसं आलं होतं तसं नाही आलं. मग त्यांनी पहाटे पाचला उठून लिहायची सवय लावून घेतली, लाइट जायच्या आत. माझ्या खोलीत भिंतीपलीकडून एकेक टक असा आवाज येई. दोन टकांच्या मधे खूप वेळ जाई.

दोन महिने मला काही कळलं नाही, ही माझीच चूक. नवरात्रात एकदा मी त्यांच्याकडे बसले असताना लाइट गेली, आणि समोरच पडदा काळा झाला.

"काका, याची बॅटरी संपली का?"

"लाइट गेल्यावर कोणती वस्तू चालते?" ते म्हणाले. "टीव्ही चालतो का?"

मी लॅपटॉप उलटा केला. बॅटरीच्या जागी बॅटरीच दिसत होती, पण बोटाने वाजवली तेव्हा पोकळ वाजली. काकांनी तो आवाज ऐकला. मी काही सांगायच्या आधी त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला तास नव्हते. आम्ही दोघं यवतमाळला गेलो.

धम्मरत्न तिशी ओलांडलेला, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस. टेबलावर उघडे लॅपटॉप, डब्यात स्क्रू, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो.

"या काका. मले वाटलंच होतं तुमी येसान."

"यात बॅटरी नाही," काका म्हणाले. आवाज केंद्रावरचा असावा.

"नाहीच. निस्तं खोकं हाय ते. जुनी फुगली होती, काढून टाकली, न् मागची बाजू उघडी दिसू नये म्हणून खोकं बसवलं. तेच तर तुमाले सांगून राह्यलो होतो. तुमी असा हात केला." त्याने पंजा वर करून दाखवला, चौकातल्या पोलिसासारखा. "म्हटलं जाणकार माणूस दिसते. असन यायच्या घरी बॅटरी."

मला हसू आलं. काका हसले नाहीत.

"हलका होता म्हणून घेतला."

"बॅटरीच नाही तर हलका राहीनच ना काका. लॅपटॉप का भाजी हाय, हातावर तोलून घ्याले?"

"हलका म्हणजे कोरडा," काका म्हणाले आणि तिथंच थांबले. आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं असावं.

धम्मरत्नने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमी नेरले कापसाच्या सेंटरवर होते का?"

"होतो."

"तवाच. मी म्हटलं, हा असा हात कुठंतरी पायलेला हाय." तो पुन्हा खाली वाकला, स्क्रू काढू लागला. "मी आठ वर्षांचा असन. बाबासंग गाडीवर होतो. रातभर रांगेत होतो आमी, थंडीचे दिवस. सकाळी तुमी चढले, कापूस हातावर घेतला, न् वापस म्हणाले. बाबा म्हणून राह्यले होते, साहेब, पाणी नाही मारलं, रात्रीचं दहिवर पडलं हाय. तुमी ऐकून नाही घेतलं. असाच हात केला."

काका टेबलाकडे सरकले.

"काय नाव बाबांचं?"

"भीमराज." त्याने गावाचं नाव सांगितलं, नेरच्या पुढचंच खेडं. "अजून सांगतेत ते. रागानं नाही. गोष्ट म्हणून सांगतेत, पाहुणे आले का."

काका स्टुलावर बसले. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. मग म्हणाले, "मला आठवत नाही."

"कसं आठवन," धम्मरत्न म्हणाला. "किती गाड्या राहत. बरं, आता आलेच हा तर नुसती बॅटरी नका टाकू. रॅम दोनच जीबी हाय, चार करून देतो. न् ही हार्डडिस्क काढून एसएसडी टाकू. सुरू व्हाले टाइम नाही लागन मंग."

त्यानंतर काकांनी विचारायला सुरुवात केली. रॅम म्हणजे काय, ती कमी असली तर काय अडतं, एसएसडी तीच कशाला, जुन्या डिस्कवर लिहिलेलं नवीवर येईल का, ही बॅटरी किती जुनी, हिला खरंच किती वेळ पुरेल. धम्मरत्न एकेक सांगत गेला. एक रॅमची पट्टी त्याने काकांच्या हातात दिली. काकांनी ती तळहातावर घेतली, हात हलवला नाही, नुसती पाहिली आणि परत दिली. इतके प्रश्न त्यांनी आयुष्यात कुठल्या मालकाला विचारले नसतील.

परतीच्या बसमध्ये लॅपटॉप त्यांच्या मांडीवर होता. आता तो जड होता. लाडखेड मागे पडलं.

"सरकी चावून पाहायला हवी होती," मग ते खिडकीकडे बघत म्हणाले. "दहिवर वरच्या धाग्याला लागतं. दहाच्या उन्हात निघून जातं. सरकी कोरडीच असते, दाताखाली कट्कन फुटते. पाणी मारलेलं असलं तर ते सरकीपर्यंत जातं, मग ती नुसती दबते. फरक कळतो. मला येत होता तो." थोड्या वेळाने म्हणाले, "पण गाडीमागे एक मिनिट जास्त लागतं. दीडशे गाड्या असायच्या. म्हणून नुसता हात."

त्यानंतर पुस्तिका लवकर झाली. लॅपटॉप लगेच सुरू होई, लाइट गेली तरी चाले. ते पानं माझ्याकडे तपासायला देत. धागा, चमक, ओल, कवडी म्हणजे डागी पिवळा कापूस कसा वेगळा काढावा, हे सगळं स्वच्छ लिहिलं होतं, एकही शब्द जास्त नव्हता. शेवटचं प्रकरण मात्र मला अपेक्षित नव्हतं. नाव होतं 'हात चुकतो तेव्हा'. चार पानं. दहिवर आणि मारलेलं पाणी यांतला फरक, सरकी चावून पाहण्याची रीत, आणि ही रीत माहीत असून गर्दीच्या दिवसांत आपण ती सोडून दिली होती, हे. मालक सांगत असेल ते ऐकून घ्यावं, असंही एक वाक्य होतं. भीमराज यांच्या गाडीचा उल्लेख नावानिशी होता, आणि पुढे, 'ही गाडी मला आठवत नाही, परंतु ती वापस गेली हे खरे असावे.'

मी त्यात काही बदललं नाही. दिवाळीच्या पाच दिवस आधी आम्ही ते पाठवलं.

"गेलं?"

"गेलं काका."

उत्तर यायला महिना लागला. प्राध्यापकांनी लिहिलं होतं, 'लेखन उत्तम आहे. मात्र शेवटचे प्रकरण वगळावे. त्याने विद्यार्थ्यांच्या मनात पद्धतीविषयी अविश्वास निर्माण होईल. आपला होकार आल्यास लगेच छपाईस देतो.'

काकांनी ते मोठ्याने वाचलं, नंतर मनात वाचलं. चार दिवस ती मेल तशीच राहिली. शहाऐंशी पानं तयार होती. चार काढली की छापली जाणार होती, त्यांचं नाव घालून, आणि दर वर्षी नव्या मुलांच्या हातात जाणार होती. पाचव्या दिवशी त्यांनी मला न विचारता उत्तर पाठवलं आणि मग दाखवलं. 'ते प्रकरण काढल्यास बाकीचे खरे राहत नाही. आहे तसे छापावे, नाहीतर राहू द्यावे.'

त्यानंतर तिकडून काही आलं नाही.

त्या वर्षी बोंडं किडली होती. मार्गशीर्षातच लोक कापसाची उभी पऱ्हाटी उपटून बांधावर टाकत होते, केंद्रावर गाड्या फिरकत नव्हत्या. काका सकाळी एकदा आणि दुपारी एकदा मेल उघडून पाहत. मग पाहणं बंद झालं. अनघा रविवारी विचारी, "झालं का बाबा पुस्तक?" ते म्हणत, "चालू आहे." मला वाटलं, तिला वाईट वाटू नये म्हणून म्हणत असतील.

संक्रांतीला मी गावी मुकुटबनला निघाले होते, म्हणून तिळगूळ द्यायला मागे गेले. लाइट नव्हती. खिडक्या लावलेल्या, आणि पडद्याचा निळसर उजेड त्यांच्या हनुवटीवर. ते एका बोटाने लिहीत होते. मी आल्याचं त्यांना कळायला वेळ लागला.

"काय लिहिताय काका?"

"तेच प्रकरण. वाढत चाललंय." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. चार पानांची एकसष्ट झाली होती. आठवतील तशा गाड्या लिहिल्या होत्या, एकेका पानावर एक. वर गावाचं नाव, खाली महिना, मग माल कसा होता, आपण काय ठरवलं, आणि आज विचारलं तर काय वाटतं. काही ठिकाणी लिहिलं होतं, 'बरोबर होते.' तसं फार ठिकाणी नव्हतं.

"हे कोणाला पाठवायचं?" मी विचारलं.

"कोणाला नाही. विचारून ठेवतोय नुसतं." त्यांनी तिळगुळाचा खडा तोंडात टाकला आणि लॅपटॉप पुन्हा आपल्याकडे वळवून घेतला.

मी थोडा वेळ उभी राहिले. पानं खाली सरकत होती. पहिल्या दहाबारा पानांवर गावांची नावं होती. पुढे बऱ्याच पानांवर वर नुसतं 'एक गाडी' असं लिहिलेलं होतं.