कुरकुरणाऱ्या चाकाचा जॅक

गाडी उचलायचा जॅक आणायला मिस्त्रीणकाकू स्वतः निघाल्या, तेव्हा घरात आधी नवरा आणि लेक दोघांनी पोट धरून हसून घेतलं.

"अगं, भेंडी आणायला नाही चाललीस," मिस्त्री खुर्चीतून म्हणाले. "मोडून बघितली आणि कळलं, असं नसतं त्यात."

"मग कसं असतं ते सांगा. तोंड तर चालतंय ना?"

तोंड चालत होतं. कमरेखालचं सगळं मात्र दोन वर्षांपूर्वी बंद पडलं होतं. घराला लागूनच असलेल्या गॅरेजात गाडीखाली झोपून काम करताना जॅक खाली बसला आणि गाडी त्यांच्या अंगावर आली. जीव वाचला, एवढंच. त्या दिवसापासून शटर खाली ते खालीच. काकूंचं शिवणयंत्र घर ओढत होतं, आणि मिस्त्री खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजावरून त्यांचे आजार ओळखत होते.

आता ते शटर उघडायचं लेकीनं मनावर घेतलं होतं. तिचं घरातलं नाव भिंगरी, आणि ते कुणालाही समजावून सांगावं लागत नसे. ती एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त करायची. ती नोकरी सोडायची, घरीच काम घ्यायचं, बाबांनी खुर्चीतून सांगायचं, तिनं करायचं, असा बेत होता. पाने, हातोड्या, तेलाचे डबे सगळं जागच्या जागी होतं. नव्हता तो फक्त जॅक.

"ट्रॉली जॅक माग," मिस्त्रींनी सांगितलं. "लांबोडका, चाकांवर लोटता येतो तो. दांड्यानं पंप मारायचा की गाडी वर. वर नेऊन सोडून द्यायची आणि बघत बसायचं. चांगला जॅक ठेवला तिथंच राहतो. आणि टेकू द्यायला दोन लोखंडी घोड्या घे. गाडी उचलली की आधी तिच्याखाली घोड्या, मग माणूस."

"आणि हे शहाणपण त्या दिवशी कुठं गेलं होतं?"

"पाच मिनिटांचं काम होतं गं." हे उत्तर काकूंना पाठ होतं.

भिंगरी दाराशी बूट घालत होती. "आई, काहीही आण, पण त्या लाल मेल्यासारखा दिसणारा आणू नकोस. त्या राक्षसानं माझ्या बाबांचे पाय खाल्ले."

त्या जॅकला शिव्या घालणं हा तिचा रोजचा पाठ होता. ती सुरू झाली की मिस्त्री खिडकीबाहेर बघत. तसंच आत्ताही.

काकूंच्या मनातलं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. बाजारातला एकही जॅक पसंत पडू नये, रिकाम्या हातानं घरी यावं आणि "चांगला माल येईपर्यंत थांबू या" म्हणावं, एवढ्यासाठीच त्या निघाल्या होत्या. नवरा गाडीखाली गेला तो गेला. आता लेकीनंही जावं, हे त्यांना नको होतं.

पहिल्या दुकानात सगळा नवाकोरा, चकचकीत माल.

"कुणासाठी हवाय, काकू?" विकणाऱ्या पोरगेल्या माणसानं विचारलं.

"माझ्यासाठी. म्हातारपणी छंद लागलाय."

त्यानं एक जॅक पुढे ढकलला. काकूंनी तो उलटा करायला लावला, चष्मा वर सरकवला आणि पत्र्याच्या सांध्यावरून बोट फिरवलं. "ही शिवण इथं सुटलीये."

"काकू, ती वेल्डिंग आहे. शिवण नाही."

"दोन तुकडे जोडून धरते ना? मग शिवणच. आणि सुटलीये."

त्यानं वाकून पाहिलं. सुटली होतीच. दुसऱ्या जॅकचा दांडा डुगडुगत होता, तिसरा हाताला हलका लागला. शेवटी तो वैतागला. "टायरवाल्याच्या मागे जुन्या अवजारांचं दुकान आहे, तिथं जा तुम्ही. जुना, जड, कुणाचं न ऐकणारा माल तिथंच मिळतो."

"तिथं शोभून दिसेन म्हणतोस," काकू म्हणाल्या आणि निघाल्या.

जुन्या अवजारांवाला ढेरपोट्या, बोलघेवडा माणूस होता. काकूंनी काय हवंय ते सांगितलं. "आहे की! घरचाच देतो तुम्हाला," म्हणत तो आतल्या अंधारात गेला. आणि आतून आवाज आला. कुर्र, टक. कुर्र, टक.

काकूंनी शेजारच्या टायरवर बसकण मारली.

तो आवाज त्यांनी कितीतरी वर्षं ओट्याशी उभं राहून ऐकला होता. मिस्त्रींच्या जॅकचं मागचं एक चाक फुटलं, तेव्हा त्यांनी काकूंच्या शिवणाच्या टेबलाचं चाक काढून त्याला बसवलं होतं. केवढं भांडण झालं होतं त्यावरून! जॅक आता निळा रंगवलेला होता. तीन चाकं लोखंडी, आणि चौथं ते, पांढरं प्लास्टिकचं, कडेला पिवळं पडलेलं.

"हा कुठून आणलात?" त्यांनी विचारलं.

"दोनेक वर्षं झाली, टेम्पोतून एक जण घेऊन आला. भावाला अपघात झाला म्हणे याच्यावर, मोडीत काढा. मी म्हटलं, खुळा की काय हा? तेव्हापासून माझ्याच दुकानात राबतोय. एक वॉशर बदललेला नाही, ताई. मोठा घेतलाय आता, म्हणून हा काढतोय."

"पण अपघात झाला ना याच्यानं? खराबच असणार."

"खराब जॅक दोन वर्षं गाड्या उचलील?" तो हसला आणि दांड्याजवळ उकिडवा बसला. "हे बघा. दांडा उजवीकडे शेवटपर्यंत पिळायचा, मग पंप मारायचा. अर्धवट पिळला तरी गाडी चढते, तिथंच माणूस फसतो. मग ती हळूहळू खाली येते. जॅकचा काय दोष? पंप मारणाऱ्याचं लक्ष ठिकाणावर नव्हतं, एवढंच."

"चढवा," काकू म्हणाल्या. "गाडी चढवा त्याच्यावर."

दुकानापुढची व्हॅन वर गेली. काकूंनी पर्समधून दोऱ्याचं रीळ काढलं, व्हॅनच्या बंपरला दोरा बांधला, खालच्या टोकाला एक नट अडकवला आणि तो जमिनीपासून केसभर वर राहील असा सोडला. व्हॅन जराही खाली आली की नट टेकणार. मग त्या टायरवर बसून राहिल्या.

दुकानदारानं चहा पाजला. गिऱ्हाइकं आली, गेली. ऊन दुकानाच्या पायरीवरून उतरून रस्त्यावर गेलं. काकूंची नजर नटावर होती. बस मेल्या, त्या मनात म्हणत होत्या. बस खाली. एकदा बस, म्हणजे मी सुटले.

नट हवेतच होता.

त्या दिवशी जॅकला पंप मिस्त्रींनी मारलाच नव्हता. ओट्यापाशी उभ्या असलेल्या काकूंना खिडकीतून दिसत होतं. दांडा भिंगरीच्या हातात होता. कान आणि खांदा यांच्यात फोन धरून ती मैत्रिणीशी खिदळत होती. "झालं का गं?" मिस्त्रींनी विचारलं होतं. "हो बाबा, घुसा!" आणि ती फोनवर बोलत बाहेर गेली होती.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर मिस्त्रींचं पहिलं वाक्य होतं, "जॅक खराब होता." पाणी मागायच्याही आधी. दुसरं वाक्य, "भावाला सांग, आजच्या आज घेऊन जा, मोडीत टाक. भिंगरी घरी जायच्या आत." पोरीला तो बघवणार नाही म्हणून सांगताहेत, असं काकूंना वाटलं होतं. बिचाऱ्यांना स्वतःचं एवढं झालंय आणि काळजी पोरीची, म्हणून त्या रडल्याही होत्या.

"टेकला का हो नट?" दुकानदारानं आतून विचारलं.

"नाही."

"मग घेताय?"

"घेते. पण इथंच कापून द्या मला. बारीक तुकडे करून."

त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. दुसऱ्यांदा ऐकल्यावर तो हात जोडायला लागला. "ताई, सोन्यासारखी वस्तू आहे. पाप लागेल हो मला."

"मला लागू दे. कापा. चाकंसुद्धा."

गॅस कटर लागला. लोखंड तुटलं, पांढरं चाक वितळून फरशीला चिकटलं, त्याचा घाण वास नाकात बसला. काकू शेवटचा तुकडा होईपर्यंत उभ्या राहिल्या. मग त्यांनी कोपऱ्यातला दुसरा एक जॅक उलटापालटा करून बघितला, त्यालाही दोऱ्या-नटाची परीक्षा द्यायला लावली आणि दोन घोड्यांसकट रिक्षात घातला. दोन जॅक विकत घेऊन एकच घरी नेणारं गिऱ्हाईक त्या दुकानदारानं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर भिंगरीनं नाचायचंच बाकी ठेवलं. "बाबा, आईनं काय माल आणलाय! थांबा, शेजारच्यांची गाडी आत घेते." ती पळाली.

काकू मिस्त्रींच्या खुर्चीशी उभ्या राहिल्या. "तिथं एक जुना होता," त्या म्हणाल्या. "मागचं एक चाक पांढरं."

खुर्चीच्या हातावर ठेका धरलेली मिस्त्रींची बोटं थांबली.

"चढवून बघितलास?"

"दुपारभर."

"बसला?"

"नाही."

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मिस्त्रींनी तिकडे कान दिला. मग म्हणाले, "आता कुठं आहे?"

"तुकडे केले." काकू जवळ सरकल्या. "मलासुद्धा नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं, तर तू तिच्याकडे कशी बघितली असतीस?"

काकू खिडकीतून लेकीकडेच बघत होत्या, आणि तिच्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे बघत होत्या.

गाडी गॅरेजात आली. भिंगरीनं जॅक खाली सरकवला, दांडा पिळला, पंप मारायला लागली. गाडीचं तोंड वर उठलं. तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला आणि तिचा हात खिशाकडे गेला.

काकू कधी बाहेर पोचल्या ते त्यांनाही कळलं नाही. "फोन इकडे दे."

"काय गं आई? जॅकचा राग फोनवर?"

"दे म्हटलं ना."

भिंगरीनं डोळे फिरवले आणि दिला. काकू गुडघ्यावर बसल्या, दांडा दोन्ही हातांत धरून उजवीकडे पिळला. तो आधीच घट्ट होता. तरी त्यांनी पुन्हा पिळला.

"आधी घोड्या," त्या म्हणाल्या. भिंगरीनं घोड्या लावल्या, गाडी ढकलून बघितली आणि सरपटत खाली गेली. बाहेर राहिली तिची पावलं. तशीच मिस्त्रींची राहिली होती.

"बघ, आई," खालून आवाज आला. "हा नाही बसत. तोच मेला हरामखोर होता."

आत खिडकीशी मिस्त्री श्वास रोखून बसले होते.

"हो गं बाई," काकू म्हणाल्या. "तोच होता."

आणि लेक बाहेर येईपर्यंत त्यांनी दांड्यावरचा हात काढला नाही.