अडणा लाव गं, शोभे

राम राम मंडळी. माझी शाळा चौथीत सुटली, म्हणून हे मोबाईलमध्ये बोलून टाईप करतोय. अक्षरांच्या चुका मोबाईलच्या, डोक्याच्या माझ्या. भूत-बित नसतं हे मीच सगळ्यांना सांगत फिरायचो... अमावस्येला भट्टी पेटवणारा माणूस मी. गावाकडं कुणाच्या अंगात आलं की मागं बसून ख्या ख्या हसायचो.

आम्ही विट्याकडचे गलाईवाले. सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा धंदा. जयपूरला शास्त्री नगरात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार एकच, खिडकीला गज. खाली शर्माजी. ते एकदा लग्नाला गेले आणि मागं चोरी झाली, कोयंडा चौकटीसकट उपटलेला. झालं, माझी झोप उडाली! गलाईवाला म्हणजे घरात सोनं पुरलेलं असणार, असं लोकांना वाटतं. आमच्या घरात सोनं म्हणजे माझ्या बायकोच्या, शोभाच्या, गळ्यात होतं तेवढंच.

मी दाराला पत्रा मारला. बिजागऱ्यांना बोटाएवढे लांब स्क्रू. नवं लॅच. आणि वर लोखंडाचा अडणा — आतून दाराला आडवा टाकायचा, दोन्ही बाजूच्या आकड्यांत. दोन हातांनी उचलावा लागतो, इतका जड. लोहार म्हणाला, "भाईसाहब, किला बना रहे हो क्या?" मी म्हटलं, "ऐसा बनाओ, चोर का बाप भी ना खोल सके."

शोभाला जाळीचं दार पाहिजे होतं, वारा यायला. मी म्हणायचो, वाऱ्याबरोबर चोर येतो. "अहो, चोराचा एवढा विचार करता, माझा कधी केला का?" असं पुटपुटायची आणि अडणा लावायची. रोज सकाळी मी जिन्यात थांबून ओरडायचो, "अडणा लाव गं, शोभे!" आतून खण्ण वाजलं की मगच उतरायचो. संध्याकाळी आलो की दोनदा टकटक, थांबून एकदा. तशी वाजल्याशिवाय उघडायचं नाही. नियम माझाच.

मग शोभा गेली. डेंग्यू. एवढ्या लोखंडातनं आत आला कोण, तर डास... जाळी मागत होती बिचारी.

माझं ओरडणं मात्र सुटलं नाही. शर्माजींची बायको एकदा म्हणाली, "भैया, ऊपर अब कौन है?" म्हटलं, "कोई नहीं भाभीजी, चोरों को सुनाता हूँ." ती हसली. मीपण.

एका सकाळी दार ओढलं, लॅच लागलं, सवयीनं ओरडलो... आणि आतून — खण्ण.

मी काय केलं? खाली उतरलो! आवाज आला की उतरायचं, पायांना एवढंच ठाऊक. भाभीजींना राम राम घातला, दुकानात गेलो, भट्टी पेटवली, आणि तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. तसाच स्कूटरवरनं परत.

चावी फिरली, दार हलेना. म्हटलं, चोर आत आहे! येतील तेवढ्या शिव्या दिल्या, हिंदीत संपल्या तशा मराठीत. शर्माजी दांडकं घेऊन आले. लाथा झाल्या, पहार झाली. दार लई मजबूत हो... केलं कुणी होतं? शेवटी त्याच लोहाराला बोलावलं. ग्राइंडर लावत म्हणतो, "भाईसाहब, आपने ही बोला था, चोर का बाप भी..."

"हां भाई, वो बाप मैं ही हूँ. काट."

सगळी गल्ली जमली. कुणी व्हिडिओ काढतंय, कुणी चहा पितंय. दुपारी पत्र्याला भोक पडलं. आत डोकावलो. कुणी नाही. खिडकीचे गज जागेवर. आणि अडणा दोन्ही आकड्यांत नीट बसलेला. भोकातनं दोन्ही हात घालून मीच तो उचलला. कपाट बघितलं, काही गेलेलं नाही.

शर्माजी म्हणाले, "अपने आप गिर गया होगा." अडणा कोपऱ्यात जमिनीवर उभा असतो. तो पडेल, उठून आकड्यात कसा बसेल? लोहारानं एकदा अडण्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि चहा न पिताच गेला.

हे काय होतं, मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, पण त्यानं माझं काही भागणार नाही. मला खातंय ते दुसरंच. त्या दिवशी मी शिव्या दिल्या, लाथा घातल्या, पहार लावली, दार कापलं. टकटक तेवढी केली नाही. दोनदा, थांबून एकदा. त्याशिवाय आतनं दार उघडत नाही, हे अख्ख्या गल्लीत मला एकट्यालाच ठाऊक होतं.

आता जाळीचं दार बसवलंय. वारा मस्त येतो. अडणा आहे कोपऱ्यात. सकाळी जिन्यात थांबून ओरडतो, काही वाजत नाही. संध्याकाळी टकटक करतो, जरा वेळ थांबतो... आणि मग चावीनं उघडतो.