बिनडोळ्यांचे चाळीस बैल

लाकूड पाहून पाघळणारे जीव माझ्या माहितीत दोनच: एक वाळवी आणि दुसरे माझे साडू. त्यातही वाळवीला कुठलंही लाकूड चालतं. साडूंना मात्र बैल होण्याच्या लायकीचंच लागायचं. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सगळे अक्षता टाकत होते, आणि हे अक्षता मुठीत तशाच धरून मांडवाच्या एका खांबावर नखाने टकटक करत उभे होते. मांडव उतरला तेव्हा तो खांब त्यांनी माझ्या सासऱ्यांकडून मागून नेला आणि त्याचे तीन बैल केले. माझ्या लग्नातून जगाला झालेला तेवढाच काय तो फायदा, असं माझी बायको अजूनही म्हणते.

साडू अल्लीपूरला राहायचे आणि कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसायचे. हंगाम संपला की त्यांना काम नसे, म्हणजे आम्हा लोकांच्या हिशेबाने नसे. उन्हाळा सरताच ते ओसरीवर तासायचा वाकस आणि कोरायची पटाशी घेऊन बसत ते थेट पोळ्यापर्यंत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. लहान पोरं आपापले लाकडी बैल सजवून, चाकांवर ओढत दारोदार नेतात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात, कुणी नाणं, कुणी मूठभर फुटाणे. त्या पोरांसाठी साडू बैल करत आणि फुकट देत. प्रत्येक बैल गावातल्या कुठल्या ना कुठल्या खऱ्या बैलावरून घेतलेला असे. शेजाऱ्याचा गवळाऊ जातीचा पांढरा बैल बसल्यावर वशिंड कुठे कलतं ते पाहायला ते त्याच्या गोठ्यात इतका वेळ बसले, की शेजाऱ्याच्या बायकोने शेवटी त्यांना तिथेच चहा आणून दिला, आणि सवयीने समोर कडबाही टाकला. एखादा बैल मनासारखा उतरला नाही तर ते पटाशी खाली ठेवत आणि म्हणत, "आज हा रुसला. उद्या पाहू." मग खरंच उद्यापर्यंत त्याच्याकडे पाहत नसत, त्याला लाज वाटू नये म्हणून.

पण त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा डोळ्यांची. बैलाचं शिंग, खूर, गळ्याखाली लोंबणारी पोळी, सगळं तयार झालं तरी डोळे ते कोरत नसत. ज्या पोराला तो बैल द्यायचा ते पोर आलं की त्याला समोर पाटावर बसवायचं, बैल मांडीवर घ्यायचा आणि विचारायचं, "नाव सांग बाप्पा याचं." पोराने नाव सांगितलं, की त्याच्या तोंडाकडे पाहत पाहत डोळे उघडायचे. त्यामुळे रडक्या पोरांचे बैल ओलसर डोळ्यांचे होत आणि वांड पोरांचे वांड. माझी मुलगी चार वर्षांची असताना तिला नाव सुचेना, तर साडूंनी आम्हाला सकाळपासून उन्हं कलेपर्यंत थांबवून ठेवलं. तेव्हा वेळ घालवायला मी त्यांना सांगितलं होतं, की माझ्या लहानपणी आमच्या घरात बैल नव्हता. वडील शिक्षक, त्यांना ते चोचले वाटत. मी दरवर्षी दुसऱ्या पोराच्या बैलामागे चालायचो. साडू नुसते "हं" म्हणाले. मुलीने अखेर बैलाचं नाव 'आई' ठेवलं आणि आमची सुटका झाली.

आता या गोष्टीत माझा प्रवेश होतो, आणि इथूनच ती बिघडते. मी हिंगणघाटला शाळामास्तर. त्यानंतर काही वर्षांनी मला तीन दिवसांच्या एका स्वयंरोजगार शिबिराला पाठवलं होतं. मी आयुष्यात एकच वस्तू विकली आहे, ती म्हणजे माझी जुनी सायकल, आणि घेणाऱ्याला वाईट वाटून त्याने मला वर चहा पाजला होता. तरी शिबिरातून परतलो तो दुसऱ्यांना धंद्याला लावायचा ठाम निश्चय करूनच. दुसरं कुणी ऐकेना, म्हणून मी साडूंना धरलं. त्यांच्या नावाची कार्डं छापून आणली, खाली 'काष्ठशिल्पकार'. साडूंनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं, पटाशीने त्याच्या दोन सरळ पट्ट्या कापल्या आणि खूश होऊन म्हणाले, "धार पाहाले कामाचं हाय." तरीही मी हटलो नाही. हिंगणघाटच्या एका खेळण्यांच्या दुकानदाराला गाठलं आणि चाळीस बैलांचं काम ठरवूनच आलो. चाळीसही एका मापाचे, एका तोंडवळ्याचे, पोळ्याच्या तीन दिवस आधी दुकानात पोहोचते करायचे. साडू नको म्हणाले नाहीत. धाकट्या मेव्हणीच्या नवऱ्याला नाही म्हणायचं नसतं, एवढ्याच कारणाने.

दर रविवारी मी मोपेडवरून अल्लीपूरला जायचो आणि गृहपाठ तपासल्यासारखा विचारायचो, "भाऊ, किती झाले?" पहिल्या रविवारी पाच झाले होते आणि साडू तोंडातल्या तोंडात गुणगुणत होते. तिसऱ्या रविवारी चौदा, गुणगुणणं बंद. पाचव्या रविवारी मोपेडचा आवाज ऐकून ते मागच्या दाराने शेतात निघून गेले. ताई, म्हणजे साडूंची बायको आणि माझी मेव्हणी, दारात उभी राहून म्हणाली, "तुमी आले का ते असेच पळतेत. काऊन त्याईच्या मागे लागले, भाऊजी?" मी तिला चिकाटीचं महत्त्व सांगितलं. शिबिरात त्यावर एक पूर्ण तास होता. साडू सापडले तेव्हा बांधावर बसले होते. समोर शेजाऱ्याचा तोच पांढरा बैल चरत होता आणि ते त्याच्याकडे पाहतही नव्हते. म्हणाले, "मास्तर, पयले सकाळी डोळे उघडले का मले बैल दिसे. आता आकडा दिसते." मी हसलो. आज ते हसणं आठवलं की मीच माझा कान पिरगाळावा असं वाटतं.

तरी दिलेल्या शब्दाप्रमाणे चाळीस बैल आले. साडूंनी तणसात गुंडाळून दोन पोत्यांत भरले आणि बसने स्वतः हिंगणघाटला आणले. दुकानदाराने पहिला काढला, फिरवून पाहिला. दुसरा काढला. मग पोतंच ओतलं. एकालाही डोळे नव्हते.

"ये क्या है? डोळे कुठी हाय याचे?" दुकानदार म्हणाला.

साडूंना प्रश्नच कळला नाही. "पोरं कुठी आले? पोराले पाहल्याबिगर डोळे कसे काढू?"

मला वाटलं, ते विसरले. ते विसरले नव्हते. अडीच महिने ते चाळीस पोरांची वाट पाहत होते, आणि पोरं कधी आणणार हे मला विचारायचा त्यांना संकोच वाटला होता. दुकानदार म्हणाला, काळा ऑइल पेंट घ्या अन् ठिपके मारा. साडूंनी एकदा सगळ्या बैलांवरून नजर फिरवली, रिकामी पोती घडी करून काखेत मारली आणि बसस्टँडकडे चालू लागले. ठिपके मी मारले. माझ्या पहिल्या बैलाचा एक डोळा नागपूरकडे आणि दुसरा चंद्रपूरकडे पाहत होता. पुढच्या एकोणचाळिसांत मी बरीच प्रगती केली, म्हणजे निदान दोन्ही डोळे एकाच जिल्ह्यात राहिले. आणि सगळे बैल विकले गेले, हे त्यातलं सगळ्यात वाईट. त्या तान्ह्या पोळ्याला अर्धं हिंगणघाट तिरळ्या बैलांनी भरून गेलं आणि मी दार लावून घरात बसलो.

साडूंनी वाकस आणि पटाशी तरटात बांधून माळ्यावर टाकली. पुढची दोन वर्षं त्यांच्या ओसरीवर रेडिओ तेवढा वाजत राहिला. पोळा जवळ आला की पोरं येत, दारात घुटमळत आणि परत जात. ते ताईने सांगितलं तेव्हा मात्र मला ते अख्खं शिबिर आठवूनही धीर देणारं एक वाक्य सापडलं नाही. एका माणसाचा चालता हात मी बंद पाडला होता, तोही त्याचं भलं करायला जाऊन. मी माफी मागायला गेलो. साडू म्हणाले, "तुमचा काई दोष नाई. हात रुसला." उद्या पाहू, असं या वेळी म्हणाले नाहीत.

तिसऱ्या वर्षी पोळ्याच्या दिवशी सकाळी ते अचानक हिंगणघाटला माझ्या दारात उभे. हातात तरटाचं गाठोडं. आत येऊन त्यांनी स्वयंपाकघरातून पाट आणला, माझ्यासमोर टाकला आणि म्हणाले, "बसा, मास्तर." गाठोड्यातून पांढरा गवळाऊ निघाला, डावीकडे कललेल्या वशिंडाचा, बिनडोळ्यांचा.

"अहो भाऊ, मी काय पोरगा आहे? पन्नाशी आली माझी."

"तुमचा बैल राह्यला होता," ते पटाशी अंगठ्यावर तपासत म्हणाले. "तो ध्यानात आला, तवा हात चालला. समोर पाहा. नाव सांगा याचं."

बायको आणि मुलगी दारात उभ्या राहून पाहत होत्या. मला थट्टा करायची होती, जमली नाही. नाव माझ्याकडे तयार होतं. सहा वर्षांचा असताना, दुसऱ्याच्या बैलामागे चालताना ठरवलेलं, आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, "पाखऱ्या." साडूंनी मान डोलावली आणि माझ्याकडे पाहत डोळे उघडायला घेतले.

त्यानंतर साडू पुन्हा बैल करू लागले, आणि पैसेही घेऊ लागले; पण दुकानाला बैल दिले नाहीत. ज्याला हवा त्याने पोर घेऊन ओसरीवर यायचं. आणि दरवर्षीचा पहिला बैल विकायचा नाही, ज्याचा राहून गेला असेल त्याला शोधून द्यायचा, असा नेम त्यांनी हात थकेपर्यंत पाळला. आता ते नाहीत, आणि मुलगीही पुण्याला असते. पाखऱ्या माझ्या खिडकीत असतो. त्याचे डोळे जरा ओलसर झाले आहेत, ते साडूंचं चुकलं असं मी सगळ्यांना सांगतो. तान्ह्या पोळ्याला मी त्याला हळद-कुंकू लावतो आणि दोरी धरून अंगणात एक फेरी मारतो. बायको माझ्या हातावर फुटाणे ठेवते, आणि हसत नाही.